टेबलावर पळणारी गाडी जमिनीवर का अडते

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. वर्गातल्या मुलांना पायथनचे लूप, इफ-एल्स, फंक्शन बऱ्यापैकी येतात. त्यांनी रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेऊन दोन मोटरची गाडी केली, पुढे एचसी-एसआर०४ हा प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला आणि प्रोग्राम मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे छोट्या चिपवर चालणाऱ्या पायथनमध्ये, लिहिला. यूएसबी केबल जोडून, चाके अधांतरी ठेवून चालवले की सगळे सुरळीत चालते. केबल काढून ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर गाडी जमिनीवर सोडली की तीन गोष्टी होतात. बोर्ड मधेच नव्याने सुरू होतो. समोर भिंत असूनही गाडी कधीकधी धडकते. आणि थांबायचे बटण दाबले तरी बराच वेळ काही होत नाही. मुलांनी कोड चार वेळा तपासला, चूक सापडत नाही. शेवटी तुम्ही विचारता, हे सगळे कोणत्या क्रमाने शिकवायला हवे होते?

मुलांना आधी एवढे सांगा की त्यांचा कोड बहुधा बरोबर आहे, आणि म्हणूनच तो पुन्हापुन्हा वाचून काही सापडत नाही. आजवर त्यांचे प्रोग्राम संगणकाच्या आतच राहत होते. तिथे लिहिले तसे घडते. आता त्यांच्या ओळी बॅटरी, तारा, चाके, हवा आणि भिंत यांच्यातून जातात. 'पुढे जा' लिहिणे आणि गाडी पुढे जाणे या दोन वेगळ्या घटना झाल्या आहेत. त्या दोघींमधले अंतर मोजता आले पाहिजे. मुलांबरोबर असे बोर्ड आणि रोबोट हाताळताना मी सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य बोलतो ते हेच: आधी मोजा, मग हलवा.

हे अंतर मुलांना डोळ्यांनी दाखवायचे असेल तर एक प्रयोग करा. पायथनसोबत टर्टल नावाचे मॉड्यूल येते. त्याची कल्पना लोगो भाषेतून आली. लोगो १९६७ मध्ये वॉली फ्यूरझाइग, सिमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी तयार केली होती आणि तिचे एक यांत्रिक कासव खरोखर जमिनीवर चालायचे. पडद्यावरच्या कासवाला 'शंभर पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे' असे चार वेळा सांगितले की चौकोन तयार होतो, शेवटची रेघ पहिल्या बिंदूला बरोबर येऊन टेकते. आता तेच चार वेळा तुमच्या गाडीला सांगा आणि ती निघाली त्या जागी जमिनीवर खडूने खूण करा. गाडी खुणेवर परत येत नाही. वीतभर इकडे किंवा तिकडे थांबते आणि पुढच्या खेपेला आणखी तिसरीकडे. एक मोटर दुसरीपेक्षा किंचित वेगाने फिरते, वळताना चाक थोडे घसरते, बॅटरी उतरत जाते तसे अर्ध्या सेकंदातले वळण लहान होत जाते. कोड तोच, अक्षरसुद्धा बदललेले नाही. हे एकदा पाहिले की मुले कोडकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आता तुमच्या तीन तक्रारी. पहिली सगळ्यात मोठी आहे, कारण ती सुटल्याशिवाय बाकीच्या दोन नीट तपासताच येत नाहीत.

बोर्ड नव्याने सुरू होतो तो विजेमुळे. आधी खात्री करून घ्या. प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, लूपच्या बाहेर, बोर्डवरचा दिवा तीनदा लुकलुकवणाऱ्या ओळी घाला. गाडी चालता चालता दिवा पुन्हा तीनदा लुकलुकला तर बोर्ड रिसेट झाला. लुकलुक झालीच नाही आणि गाडी नुसती थबकली तर कारण दुसरे आहे, प्रोग्राम कुठेतरी अडकला आहे किंवा एरर येऊन संपला आहे. केबल काढल्यावर स्क्रीन नसते, म्हणून हा दिवाच तुमची स्क्रीन. कुठल्याही रोबोटमध्ये मी आधी या ओळी घालतो.

टेबलावर रिसेट होत नव्हता, कारण तेव्हा पिकोला यूएसबीतून वेगळी वीज मिळत होती आणि चाकांवर भार नव्हता. जमिनीवर एकच बॅटरी मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला आणि ड्रायव्हरमधून बोर्डालाही वीज पुरवते. थांबलेली मोटर सुरू होताना, त्या पहिल्या क्षणी, चालत्या मोटरपेक्षा कित्येक पट करंट ओढते. दोन मोटर एकदम सुरू केल्या की मागणी सहज एक अँपिअरच्या पुढे जाते. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत सहा छोटे सेल एकापुढे एक बसवलेले असतात. तिचा अंतर्गत रोध मोठा असतो आणि क्षमता जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तास. ती धुराचा अलार्म किंवा मल्टिमीटर चालवण्यासाठी ठीक आहे, मोटरसाठी नाही. मोटर सुरू होताच तिचा व्होल्टेज कोसळतो आणि त्या काही मिलिसेकंदांत बोर्ड विझून पुन्हा पेटतो. पिकोचा स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, १.८ पासून ५.५ व्होल्टपर्यंत चालतो, म्हणजे तो तसा सोशिक आहे. तरीही रिसेट होत असेल तर एक तर हा खड्डा फार खोल आहे, किंवा मोटरच्या ब्रशवर उडणाऱ्या ठिणग्यांचा त्रास तारांमधून बोर्डापर्यंत पोचतो आहे. बहुतेक वेळा दोन्ही.

उपाय असा. मोटरना चार रिचार्जेबल एए सेल वेगळे द्या. बोर्डाला वेगळा पुरवठा द्या, तीन एए सेल व्हीसिस या वीज घेणाऱ्या पिनला जोडले तरी चालते. ताजे चार अल्कलाइन सेल मात्र थेट व्हीसिसला लावू नका, ते सहा व्होल्टच्या वर जातात आणि पिनची मर्यादा ५.५ आहे. पॉवर बँक वापरणार असाल तर एक गोष्ट तपासा: काही पॉवर बँका फार कमी करंट दिसला की आपोआप बंद होतात, आणि एकटा पिको फारच कमी करंट घेतो. दोन पुरवठे वेगळे झाले तरी दोघांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोक, एकमेकांना जोडलेच पाहिजे. हे सर्वात जास्त विसरले जाते. ग्राउंड जोडलेले नसेल तर पिकोने पाठवलेला 'हाय' ड्रायव्हरच्या दृष्टीने कशाच्या मानाने हाय हेच ठरत नाही, आणि मोटर मनाला येईल तशी वागते.

प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, त्यावर १०४ असे छापलेले असते. मोटरच्या पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरड किंवा त्याहून मोठा इलेक्ट्रोलिटिक लावा. त्याचे धन-ऋण टोक उलटे लावायचे नाही, हे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. तुमचा ड्रायव्हर एल२९८एन असेल तर तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. चार रिचार्जेबल सेलचे ४.८ व्होल्ट, त्यातले दोन गेले की मोटरपर्यंत तीनही पोचत नाहीत. टीबी६६१२एफएनजी किंवा डीआरव्ही८८३३ हे मॉसफेटवाले, कमी व्होल्टेज खाणारे ड्रायव्हर अशा छोट्या गाडीला जास्त शोभतात.

आता पायथनची बाजू. मोटरला एकदम पूर्ण वेग देऊ नका. पीडब्ल्यूएम म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवणे; त्याची ड्यूटी, म्हणजे चालू राहण्याचा वाटा, शून्यावरून हव्या त्या आकड्यापर्यंत दहा-बारा पायऱ्यांत चढवा, दर पायरीला वीस मिलिसेकंद. सुरुवातीचा धक्का कमी होतो, चाक घसरत नाही. विजेचा प्रश्न कोडने थोडा हलका होतो तो इथे. पूर्ण सुटतो तो मात्र तारांनीच.

दुसरी तक्रार, भिंत. इथे मुलांना वही-पेन्सिल घेऊन बसवा. गाडी सेकंदाला ५० सेंटीमीटर जाते असे धरा. तुमच्या लूपमध्ये अंतर मोजणे, प्रिंट करणे आणि मग अर्धा सेकंद स्लीप आहे. म्हणजे एक रीडिंग आणि पुढचे रीडिंग यांच्यामध्ये गाडी २५ सेंटीमीटर पुढे सरकते. 'अंतर २० पेक्षा कमी झाले की थांब' असे लिहिले आहे. एक रीडिंग २४ आले, वीसपेक्षा जास्त, म्हणून गाडी चालत राहिली. पुढचे रीडिंग घ्यायच्या आधी भिंत आली. सेन्सर बरोबर, अट बरोबर, तुलनेचे चिन्हही बरोबर, आणि गाडी धडकली. मुलांनी हा हिशेब स्वतः केला की स्लीपमधला आकडा कुठून आला हे ती विचारायला लागतात. तो बहुधा दिवा लुकलुकवायच्या पहिल्या धड्यातून तसाच उतरलेला असतो.

या सेन्सरचे काम कसे चालते ते माहीत असले तर योग्य आकडा ठरवता येतो. ट्रिगर पिनला १० मायक्रोसेकंदांचा पल्स दिला की तो ४० किलोहर्ट्झचे आठ आवाजी ठोके सोडतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंत एको पिन हाय ठेवतो. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. भिंत २० सेंटीमीटरवर असेल तर आवाजाला जाऊन-येऊन ४० सेंटीमीटर कापायचे, म्हणजे सुमारे १,१६६ मायक्रोसेकंद. मुलांकडून हे उलट करवून घ्या: सेन्सरने ५८३ मायक्रोसेकंद दिले तर भिंत कुठे? दोनने भागायचे का, हे ज्याला कळले त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही. दोन रीडिंगमध्ये साधारण ६० मिलिसेकंद सोडा, नाहीतर आधीच्या ठोक्याचा उशिरा आलेला प्रतिध्वनी पुढच्यात मिसळतो. ६० मिलिसेकंदांत तुमची गाडी तीनच सेंटीमीटर सरकते.

एक कामाची पण सहज नजरेतून सुटणारी गोष्ट. मायक्रोपायथनमध्ये पल्स मोजायला 'टाइम पल्स यूएस' हे फंक्शन वापरतात. त्याला टाइमआउट, म्हणजे जास्तीत जास्त किती थांबायचे तो आकडा, दिला नाही तर ते दहा लाख मायक्रोसेकंद, म्हणजे अख्खा एक सेकंद थांबते. एको पिनची वायर धक्क्याने ढिली झाली की प्रत्येक फेरीत गाडी सेकंदभर आंधळी. शिवाय वेळ संपली की ते उणे एक किंवा उणे दोन हा आकडा परत देते. मुलांचा कोड त्यालाही सूत्रात घालतो, अंतर शून्याच्या किंचित खाली येते, आणि ते 'वीसपेक्षा कमी' असल्यामुळे गाडी मोकळ्या मैदानात ब्रेक मारते. म्हणून टाइमआउट ३०,००० मायक्रोसेकंद द्या, तेवढ्यात पाच मीटरपर्यंतचा प्रतिध्वनी परत येतो आणि या सेन्सरची मजल चार मीटरच आहे. आणि परत आलेला आकडा ऋण असेल तर 'रीडिंग मिळाले नाही' असे वेगळे धरा.

पुढचे सांगण्याआधी एक इशारा. एचसी-एसआर०४ पाच व्होल्टवर चालतो आणि त्याचा एको पिनही पाच व्होल्ट देतो. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एक किलोओहम आणि दोन किलोओहम असे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागा, पाचाचे ३.३ होतात. मी सुरुवातीच्या दिवसांत एको थेट जोडत असे, चालतही असे, आणि मग एके दिवशी तो पिन कायमचा गेला. आज चालले म्हणून उद्या चालेल असे यात नसते. ३.३ व्होल्टवर चालणारे याच सेन्सरचे प्रकारही मिळतात, नवीन घेणार असाल तर तेच घ्या.

सेन्सरची ओळख मोटरशिवाय व्हायला हवी असे मी म्हणतो, त्याचे कारण एका बारा वर्षांच्या मुलीने मला नीट दाखवले. तिला मी सेन्सर टेबलावर ठेवून दिला, समोर उभी धरलेली वही हीच भिंत, मधे मोजपट्टी. कागदावर तीन रकाने: पट्टीवर किती, सेन्सरवर किती, फरक किती. ३० सेंटीमीटरवर तिची रीडिंग आली २९.८, ३०.१, २९.८, २१४.६, ३०.०. तिने खोडरबर घेतला आणि २१४.६ खोडायला लागली. मी म्हटले, खोडू नकोस, तो आकडा कुठून आला ते शोध. बराच वेळ ती वहीच सरळ-तिरकी करत बसली. मग तिच्या लक्षात आले की वही मागे कलली की प्रत्येक वेळी दोनशेच्या वरचाच आकडा येतो. ती उठली, टेप घेतला आणि वहीच्या पलीकडे असलेल्या कपाटापर्यंतचे अंतर मोजले. दोन मीटर चौदा. कललेल्या वहीवर आपटून आवाज वर निघून जात होता आणि वहीच्या बाजूने पुढे गेलेला आवाज कपाटावरून परत येत होता. सेन्सर खरे तेच सांगत होता, फक्त ती विचारत होती त्या गोष्टीबद्दल नाही. त्यानंतर तिने स्वतःहून पडदा, उशी, काच आणि आपला हात मोजला. मऊ कापडासमोर आकडे तुटक येतात, हे तिला कुणी सांगावे लागले नाही. पुढे तिच्या गाडीचा पडद्याशी घोळ झाला तेव्हा ती कोडकडे गेलीच नाही, थेट पडद्याकडे गेली.

असे एखादेच भरकटलेले रीडिंग आले तर त्यावर साधा उपाय आहे. शेवटची तीन रीडिंग एका लिस्टमध्ये ठेवा, क्रमाने लावा, मधले घ्या. पायथनमध्ये सॉर्टेड वापरले की हे एका ओळीचे काम. सरासरी घेऊ नका. ३०, २१४ आणि ३० यांची सरासरी ९१ येते, जी कुणाचेच अंतर नाही. मधले घेतले की ३० येते. याची किंमत म्हणजे गाडीला भिंत एका रीडिंगने उशिरा कळते, तुमच्या वेगाला आणखी तीन सेंटीमीटर. त्यात ब्रेक लागल्यावर गाडी किती घसरते तेही मोजून मिळवा आणि मग थांबायचे अंतर ठरवा. वीस हा आकडा मग कुणीतरी लिहिला म्हणून राहत नाही, तो तुमच्या गाडीचा होतो.

आकडा दिसला म्हणजे तो हवा तोच आहे, असे इतर सेन्सरबाबतही धरू नका. डीएस१८बी२० हा तापमानाचा चांगला सेन्सर आहे, पण वीज मिळाल्यावर मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचला तर तो ठाम ८५ अंश सांगतो. बारा बिटांच्या मोजणीला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात, तेवढे थांबावे लागते. मायक्रोबिट या शाळकरी मुलांसाठीच्या बोर्डवरचा तापमापक मुख्य चिपच्या आत आहे, त्यामुळे तो खोलीपेक्षा थोडे जास्तच दाखवतो.

तिसरी तक्रार, बटण. माझ्या मते यातच सगळ्यात जास्त शिकण्यासारखे आहे. मुलांच्या प्रोग्राममध्ये 'मागे जा, ८०० मिलिसेकंद स्लीप, वळ, ५०० मिलिसेकंद स्लीप' असे असणार. स्लीप चालू असताना पायथन दुसरे काहीच करत नाही. बटण बघत नाही, सेन्सर वाचत नाही. एक सेकंद आणि वर तीनशे मिलिसेकंद तो झोपलेला आहे आणि मूल बटण दाबून सोडूनही देते. लूप परत बटणापाशी येतो तेव्हा बोट उचललेले असते.

स्लीपशिवाय वेळ कसा सांभाळायचा? स्वयंपाकघरातले घड्याळ आठवा. कुकर लावला की आपण त्याच्यासमोर डोळे मिटून उभे राहत नाही. किती वाजता लावला ते लक्षात ठेवतो, दुसरी कामे करतो आणि येता-जाता घड्याळ बघतो. प्रोग्राममध्येही तसेच. गाडीची अवस्था एका व्हेरिएबलमध्ये ठेवा: 'थांबलेली', 'पुढे', 'मागे', 'वळते'. अवस्था बदलली की त्या क्षणाची वेळ 'टिक्स एमएस'ने घेऊन दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. मुख्य लूप न थांबता फिरत राहील आणि प्रत्येक फेरीत तीन प्रश्न विचारील. बटण दाबले आहे का? नवे रीडिंग घ्यायची वेळ झाली का? या अवस्थेत येऊन पुरेसा वेळ झाला का? 'मागे' अवस्थेत ८०० मिलिसेकंद झाले की अवस्था 'वळते', तिथे ५०० झाले की 'पुढे'. बटण कुठल्याही अवस्थेत दाबले तरी 'थांबलेली'. हे कागदावर चार गोल आणि त्यांना जोडणारे बाण काढून आधी करा, कोड नंतर. ज्या मुलांनी गोल काढले त्यांचा कोड छोटा होतो, हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे.

वेळेतला फरक काढताना सरळ वजाबाकी करू नका, 'टिक्स डिफ' वापरा. पिकोवर हा मोजणारा आकडा दोनाचा तिसावा घात गाठला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, म्हणजे साधारण साडेबारा दिवसांनी. गाडी एवढी चालणार नाही, पण हीच मुले उद्या झाडाच्या मातीतला ओलावा मोजणारे यंत्र करतील आणि ते महिनोन्महिने चालेल. सवय आत्ताच लागलेली बरी.

बटणाचेही दोन कंगोरे आहेत. बटणाला पुल-अप, म्हणजे पिन एरवी हाय धरून ठेवणारा रेझिस्टर, दिला नसेल तर पिन अधांतरी राहतो आणि नुसते बोट जवळ नेले तरी आकडा बदलतो. पिन तयार करताना पुल-अप सांगा. मग न दाबलेले बटण एक आणि दाबलेले शून्य, हे उलटे गणित मुलांना खटकते, ते ग्राउंडला जोडले जाण्यामुळे आहे हे तारेवर बोट ठेवून दाखवा. दुसरे, बटणाचे पत्रे मिटताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एक दाब चार दाबांसारखा दिसतो. एकदा दाब नोंदला की पुढचे ३० मिलिसेकंद त्याकडे दुर्लक्ष करा. इंटरप्ट, म्हणजे बटण दाबताच चालू काम मधेच थांबवून चालणारे फंक्शन, वापरायचा मोह होईल. वापरायचा असेल तर इंटरप्टच्या फंक्शनमध्ये फक्त एक खूण उभी करा, मोटर थांबवणे वगैरे मुख्य लूपवर सोडा. तिथे लिस्ट बनवणे किंवा प्रिंट करणे यांतून होणारे घोळ शोधणे मोठ्यांनाही जड जाते.

थॉनी या पायथन लिहायच्या एडिटरमध्ये कंट्रोल-सी दाबूनही चाके फिरत राहतात का, हेही पाहा. प्रोग्राम थांबला तरी पीडब्ल्यूएम हा चिपमधला वेगळा भाग आहे, तो शेवटच्या आकड्यावर चालूच राहतो. त्यासाठी मुख्य लूप ट्रायमध्ये ठेवा आणि फायनलीमध्ये दोन्ही मोटरची ड्यूटी शून्य करा. एरर आली तरी गाडी थांबते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी या दोन ओळींशिवाय चाक बसवू देत नाही. आणि प्रोग्राम मेन डॉट पीवाय या नावाने बोर्डवर ठेवलात तर वीज मिळताच तो सुरू होतो. गाडी हातात असतानाच चाके फिरू लागतात. म्हणून आधी 'थांबलेली' अवस्था, आणि बटण दाबल्यावरच 'पुढे'.

आता क्रम. पहिले एक-दोन तास फक्त प्रॉम्प्टवर घालवा, ती तीन बाणांची खूण. मायक्रोपायथन डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकांकडून निधी उभारून सुरू केले, आणि त्यातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट हीच: एवढ्याशा चिपशी एकेक ओळ बोलता येते. पिकोत २६४ किलोबाइट रॅम आहे, तरीही मूल एक ओळ लिहिते, एंटर दाबते, दिवा लागतो. फाइल नाही, लूप नाही. पिन वाच, आकडा बघ, बटण दाबून पुन्हा वाच. ज्यांनी हा टप्पा ओलांडून थेट फाइल लिहायला घेतली त्यांना पुढे चूक कुठे आहे हे शोधायला अवघड जाते.

मग एक सेन्सर, मोजपट्टी आणि तीन रकान्यांचा कागद. थॉनीतला प्लॉटर उघडून दिला तर प्रिंट केलेले आकडे आलेखात दिसतात आणि हात पुढे-मागे केला की रेघ वर-खाली होते. यावर घाई करू नका, दोन तास खुशाल जाऊ द्या. त्यानंतर स्लीपशिवाय दोन दिवे वेगवेगळ्या गतीने लुकलुकवणे. एक दर ३०० मिलिसेकंदांनी, दुसरा दर ७००, आणि बटण दाबताच दोन्ही बंद. गाडीचा सगळा मेंदू या दोन दिव्यांत येऊन जातो, आणि इथे चुकले तर काही धडकत नाही. मोटर याच्या नंतर, चाके वर उचलून, वेगळ्या पुरवठ्यावर. सगळे एकत्र जोडणे शेवटी.

भिंत ओळखणारी गाडी जमली की पुढे रेघेवर चालणारी घ्या. तिथे दोन सेन्सर डावे-उजवे असतात. मुले प्रथम 'डावा काळा दिसला तर डावीकडे वळ' असे लिहितात आणि गाडी नागमोडी झटके देत जाते. मग त्यांना दोन्ही रीडिंगमधला फरक काढायला सांगा आणि तो एका आकड्याने गुणून एका चाकाच्या वेगात मिळवायला, दुसऱ्यातून वजा करायला सांगा. तो गुणक फार छोटा ठेवला तर गाडी वळणावर बाहेर जाते, फार मोठा ठेवला तर रेघेवर थरथरते. मधला आकडा मुले स्वतः शोधतात, आणि शोधता शोधता नियंत्रणाचा पाया त्यांच्या हातात येतो. त्याआधी दोन्ही सेन्सर पांढऱ्यावर आणि काळ्यावर धरून त्यांची कमाल-किमान रीडिंग नोंदवून घ्या, कारण दोन सेन्सर कधीच सारखे नसतात.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी मी पिको देणार नाही, मायक्रोबिट देईन. त्यावर पंचवीस दिवे, दोन बटणे, हालचालीचा सेन्सर सगळे बसवलेलेच आहे, वायरच्या चुका होत नाहीत. कॅमेऱ्याने रंग किंवा चेहरा ओळखायचा असेल तर लिनक्सवर चालणारा पूर्ण रास्पबेरी पाय लागतो. त्यावर अॅनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारा व्होल्टेज वाचणारा पिन) नाही, आणि त्याला वीज अचानक तोडलेली सोसत नाही. तुमच्या गाडीला पिकोच योग्य आहे, बदलू नका.

या आठवड्यात ९ व्होल्टची बॅटरी काढा, दोन पुरवठे करा, ग्राउंड जोडा, तीनदा लुकलुकणाऱ्या ओळी घाला. रिसेट थांबला की स्लीप काढायला घ्या. दोन्ही झाले की तीच गाडी पुन्हा चौकोनात चालवा आणि खुणेपासून किती लांब थांबली ते सेंटीमीटरमध्ये जमिनीवरच खडूने लिहा, तारखेसह. मग डाव्या मोटरची ड्यूटी दोन टक्के कमी करून पुन्हा चालवा आणि नवा आकडा पहिल्याच्या शेजारी लिहा.